कॅरॅव्हॅनचा सौरसंच : चार्ज कंट्रोलरची निवड व देखरेख

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. अशा फिरत्या निवासवाहनात दिवे, पंखा व पाण्याचा पंप चालविण्यास छतावरील सौर पॅनेल उपयोगी पडते. परंतु पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर सदोष असल्यास महागडी बॅटरी अकाली निकामी होते.

कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पीडब्ल्यूएम प्रकार स्वस्त असतो. परंतु १२ व्होल्टच्या संचात १०० वॅटच्या पॅनेलपासून त्याद्वारे सुमारे ७० ते ७५ वॅटच मिळतात. एमपीपीटी प्रकार पॅनेलच्या जादा व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करून ही तूट बरीचशी भरून काढतो. एका लहान पॅनेलसाठी पीडब्ल्यूएम पुरेसा होय. कंट्रोलरची क्षमता पॅनेलच्या शॉर्ट सर्किट करंटच्या किमान सव्वापट असावी.

काही स्वस्त कंट्रोलरवर 'एमपीपीटी' असे छापलेले असले तरी आत पीडब्ल्यूएमच असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बॅटरी निम्मी उतरलेली असताना भर उन्हात दोन्ही बाजूंचा करंट मोजावा. बॅटरीकडे जाणारा करंट पॅनेलकडून येणाऱ्या करंटहून अधिक नसेल, तर छापील नाव खोटे समजावे.

जोडणी करताना प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे. पुढे रोज सूर्योदयापूर्वी उपकरणे बंद ठेवून बॅटरीचे व्होल्टेज नोंदवहीत लिहावे. लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टला पूर्ण भरलेली, तर १२.१ व्होल्टला सुमारे निम्मी असते. आकडा दिवसेंदिवस उतरत गेल्यास पॅनेल पुसावे, वापर कमी करावा. नियमित नोंद ठेवल्यास दोष बॅटरी खराब होण्यापूर्वीच लक्षात येतो.