स्वयंसेविका ताई केस लढतील का?

प्रश्न : नवरा दोन वर्षं घरखर्चाला पैसे देत नाही. गावात येणाऱ्या विधी स्वयंसेविका पोटगीचा अर्ज करू म्हणतात. त्या स्वतःच कोर्टात माझी बाजू मांडतील का? फी किती?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, विधी स्वयंसेविका म्हणजे वकील नव्हे. त्या कोर्टात युक्तिवाद करू शकत नाहीत; पण अर्ज लिहायला, कागद जमवायला मदत करतात आणि तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत येतात. समिती तुम्हाला वकील देईल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ नुसार स्त्रियांना ही मदत मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. स्वयंसेविकेलाही मानधन प्राधिकरणच देतं, त्यामुळे तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले आणि नवऱ्याच्या कमाईचा एखादा कागद सोबत न्या. तडजोड करायची असेल तर लोक अदालतीचा मार्ग आहे. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून रक्कम नीट वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद कुणाकडे ठेवू नका. कुणी पैसे मागितले तर समितीकडे तक्रार करा. माहितीसाठी १५१०० वर फोन करा. निर्धास्त राहा, तुमचा हक्क पक्का आहे.