गालातला पांढरा चट्टा: घरी काय पाहायचं, कुठे दाखवायचं

अमरावती-अकोल्याकडे पानठेल्यावर घोटून घेतलेला खर्रा बहुतेक जण रोज एकाच गालात धरतात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा हा खर्रा मात्र चालूच राहिला. चट्टा बहुधा त्याच गालात उठतो. तो दुखत नाही, आणि म्हणूनच महिनोन्‌महिने कुणाला दाखवला जात नाही.

हात धुऊन, चूळ भरून, भरपूर उजेडात आरशासमोर बसा. कवळी काढा. ओठ उलटवून पाहा, मग गाल बोटाने बाहेर ताणून आतून, नंतर हिरड्या आणि टाळू. जीभ स्वच्छ रुमालात धरून दोन्ही कडा पाहा, शेवटी ती टाळूला लावून खालची जागा. जिभेच्या कडेचा किंवा खालचा चट्टा जास्त धोक्याचा.

ओल्या स्वच्छ कापडाने चट्टा हलकेच पुसा. नखाने खरवडू नका. थर निघून खाली लालसर दिसलं तर बहुधा बुरशी. तान्ही बाळं, मधुमेही, दम्याचा पंप घेणारे आणि रात्री कवळी न काढणारे यांना ती होते. डॉक्टर बुरशीवरचं औषध देतात. सोबत साखर तपासा, पंपानंतर चूळ भरा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

पुसून निघत नसेल तर खर्रा, तंबाखू, मशेरी त्याच दिवशी बंद. चुना-तुरटी लावू नका. टोकदार दात तिथे घासत असेल तर दंतवैद्याकडून गुळगुळीत करून घ्या. दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही तर दाखवायलाच हवं. त्यात लाल भाग, कडक गाठ, रक्त असेल तर एक दिवसही थांबू नका.

तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का, तेही पाहा. जात नसतील, ठेचा पूर्वीसारखा सोसत नसेल, तर गाल आतून आखडत चालला आहे. तो पूर्ववत होणं अवघड असतं. वेळेत खर्रा सोडला तर वाढ रोखण्याची संधी असते.

अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत इर्विन रुग्णालय किंवा दंत महाविद्यालय गाठा. डॉक्टर तुकडा तपासायला काढू म्हणाले तर नाही म्हणू नका. जागा बधिर करून लहानसा तुकडा घेतात. त्याने कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे, आणि तिच्यापायी माणसं फार उशिरा येतात. अहवाल जपून ठेवा, चट्टा गेला तरी सांगितलेल्या तारखांना तपासणीला जा. खर्रा सुटत नसेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा. सल्ला मोफत मिळतो.