तार, जोड आणि उष्णतेची मर्यादा

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजेचा प्रश्नही हाताळला. स्वस्त व मुबलक वीज हे दारिद्र्यमुक्तीचे साधन आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज वीज घरोघरी आहे. ती निर्धोक राखणे आपल्या हाती आहे.

प्रवाह वाहिला की तार तापते; प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. पीव्हीसी आवरणाची तार सामान्यतः 70 अंश सेल्सिअसपर्यंत, तर एक्सएलपीई आवरणाची 90 अंशांपर्यंत सतत वापरता येते. मात्र 90 अंशांची तार 70 अंशांच्या टर्मिनलला जोडली, तर भार 70 अंशांच्या मर्यादेतच ठेवावा लागतो. कारण तारेची उष्णता टर्मिनलपर्यंत पोहोचते.

आपल्याकडील तक्ते सामान्यतः हवेचे तापमान 40 अंश धरतात. वणीच्या उन्हाळ्यात ते 45 अंशांवर गेले, की पीव्हीसी तारेला तापण्यास 30 ऐवजी 25 अंशच उरतात. तिची क्षमता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. कूलर नेमके तेव्हाच चालू असतात. त्यात जोड सैल असेल, तर तेथेच सर्वाधिक उष्णता साचते. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी बसवणे हा उपाय नव्हे. त्याने तारेचे रक्षणच संपते.

वसतिगृहात दुसऱ्यांची लेकरे आपल्या भरवशावर झोपतात. म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक जोड तपासून घ्यावा. कारण जाणून वेळीच कृती करणे, हीच प्रज्ञा.