दुबईतले दालन आणि संभाजीनगरचा सिव्हिल इंजिनिअर

अभियांत्रिकी प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की आपल्या शहरातल्या अनेक घरांत एकच वाद रंगतो. मुलीला सिव्हिल मिळते आहे आणि आई-वडिलांना कॉम्प्युटर हवे आहे. सिव्हिल म्हणजे उन्हात उभे राहून सिमेंटची पोती मोजणे, ही समजूत काही केल्या जात नाही. म्हणूनच आज अशा एका कामाविषयी सांगायचे आहे, जिथे सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा इंटिरिअर शिकलेल्या मुलांना संगणकही लागतो आणि साइटही: परदेशातल्या मॉलमध्ये महागड्या ब्रँडची दालने उभी करून देणे. या धंद्यात त्याला फिट-आउट म्हणतात.

भारतीयांना परदेशातले बांधकाम नवे नाही. मस्कतमधला ओमानच्या सुलतानांचा राजवाडा 1970च्या दशकात मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधला. आज दुबई, दोहा, रियाध इथल्या बांधकाम कंपन्यांत भारतीय इंजिनिअर सर्रास दिसतात. आणि 1 नोव्हेंबर 2023 रोजी मुंबईत जिओ वर्ल्ड प्लाझा हा महागड्या ब्रँडचा मॉल उघडला, तेव्हापासून हे काम आपल्या राज्यातही जवळून पाहता येते.

मॉलकडून ब्रँडला मिळतो तो रिकामा गाळा. त्यात फरशी, छत, भिंतींवरचे लाकूडकाम, प्रकाशयोजना, एसी, आगीचे स्प्रिंकलर असे सगळे बसवून ठरलेल्या तारखेला दार उघडायचे असते. उद्घाटनाची तारीख सहसा हलत नाही, कारण पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात आणि माल निघालेला असतो. डिझाइन पॅरिसला, लाकूडकाम इटलीच्या कारखान्यात, ठेकेदार दुबईचा, मॉलची मंजुरी देणारे लोक वेगळे, अग्निशमन खात्याची परवानगी आणखी वेगळी. तोडफोड आणि मालाची ने-आण बहुतेक ठिकाणी रात्री, गिऱ्हाईक गेल्यावर.

इतक्या ठिकाणच्या माणसांना एका कागदावर आणायचे कसे? इथे सामायिक सॉफ्टवेअर येते. ऑटोडेस्क कन्स्ट्रक्शन क्लाउड, प्रोकोर ही त्यातली ठळक नावे. प्रत्येक ड्रॉइंगची ताजी आवृत्ती एकाच जागी असते, जुनी बाजूला ठेवली जाते, कोणी काय मंजूर केले आणि कधी, याची नोंद पुसता येत नाही. माहितीची ही शिस्त कशी असावी, हे आयएसओ 19650 या मानकात सांगितले आहे. त्याचे पहिले दोन भाग 2018 साली आले.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये केलेले त्रिमितीय मॉडेल नेव्हिसवर्क्समध्ये तपासताना दिसते की छतातला एसीचा डक्ट शोकेसच्या दिव्यांच्या पट्टीला छेदून जातो आहे. दुबईतला कोऑर्डिनेटर लगेच आरएफआय टाकतो, म्हणजे डिझाइनरला रीतसर लेखी प्रश्न: कोणते ड्रॉइंग, कोणती आवृत्ती, नेमकी जागा, किती मिलिमीटरचा अडथळा, आमचा सुचवलेला उपाय, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे. पॅरिसचे घड्याळ उन्हाळ्यात दुबईच्या दोन तास मागे, हिवाळ्यात तीन. प्रश्न नीट लिहिला असेल तर त्याच दिवशी उत्तर येते. अर्धवट लिहिला असेल तर तिकडून उलट प्रश्न येतो, दिवस जातो, आणि तोवर कारागिराने जुन्या मापाने संगमरवर कापला तर नवा दगड मागवण्यात आठवडे जातात.

माझे ठाम मत आहे की या क्षेत्रात पगार मिळतो तो असा प्रश्न लिहिता येण्याचा. सॉफ्टवेअरची बटणे काही महिन्यांत शिकता येतात. पण डक्ट कुठून वळवता येईल, हे साइटवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि कळलेले चार ओळींत स्वच्छ इंग्रजीत मांडता आले नाही तर कळूनही उपयोग नाही. 'कोर्स करा, थेट दुबई गाठा' अशा जाहिराती पाहून मोठी फी भरू नका. ऑटोडेस्कची बरीचशी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत मिळतात.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, एमजीएमचे जेएनईसी, शासकीय तंत्रनिकेतन इथल्या मुलांनी सुरुवात घराजवळच करावी. गुलमंडी किंवा कॅनॉट प्लेसमधल्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराची परवानगी घ्या. दुकान टेपने मोजा, कॅडमध्ये काढा, रेव्हिटमध्ये उभे करा. कागदावरचे माप आणि भिंतीचे माप जुळत नाही, हे पहिल्याच तासात लक्षात येईल. प्रत्येक तफावत क्रमांक देऊन लिहून काढा. मग एखाद्या चांगल्या फर्निचर कारखान्यात जाऊन शॉप ड्रॉइंगवरून कपाट कसे तयार होते, ते पाहा. सुट्टीत शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक शहरात किंवा वाळूजला चालू बांधकामावर इंटर्नशिप मिळाली तर सोडू नका. मुलाखतीत या सगळ्या कामाची फाइल प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

पदवीनंतर दोन-तीन वर्षे पुण्या-मुंबईत फिट-आउटचे किंवा बीआयएमचे, म्हणजे अशा त्रिमितीय मॉडेलचे, काम करावे. परदेशी प्रकल्पांचे मॉडेलिंग भारतात बसूनही होते, त्यामुळे प्रत्येकाला देश सोडावाच लागतो असे नाही. पुढे व्यवस्थापनात जायचे असेल तर पुण्यात निकमार ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी परीक्षेला आधी प्रत्यक्ष अनुभव लागतो, सीएपीएम या सुरुवातीच्या परीक्षेला लागत नाही.

आता पालकांच्या मनातली भीती. ती रास्त आहे. उद्घाटनाआधीचे शेवटचे आठवडे झोप उडवणारे असतात, आणि प्रकल्प संपला की कधी करारही संपतो. आखातात पगारावर प्राप्तिकर नसला तरी दुबईत घरभाडे बरेच मोठे आहे. हे मुलांशी आधीच बोलून घ्या.

आणि एजंटची पारख स्वतः करा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याचे नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. उत्प्रवास कायदा 1983 आणि त्याखालच्या नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर यूएईमध्ये नोकरी करणे बेकायदा आहे. 'आधी व्हिजिटवर जा, मग बघू' असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरा, आणि लेखी ऑफर व कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय मुलाला विमानात बसवू नका.