दोन एर्टिगा, एकच सकाळ

काल तू म्हणालास, "मामा, एक 2015ची डिझेल आहे, दुसरी 2020ची सीएनजी. पैशात फार फरक नाही, मग नवीच घेऊ का?" थांब जरा. आधी डिकी उघड. सीएनजीची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे बसते. तुला शुक्रवार पेठेतून चादरींचे गठ्ठे न्यायचेत. टेप नको, एक गठ्ठाच बरोबर घेऊन जा आणि दोन्ही गाड्यांत ठेवून बघ.

आमच्या वेळी अशा लांब डिकीची गाडी म्हणजे टाटा इस्टेट, 1992ची. नंतर इंडिगो मरीना आली, तीही गेली. आता घरची माणसं आणि धंद्याचा माल एकाच गाडीत न्यायचा तर तुझ्यासारख्याला एर्टिगाच परवडते.

दोन्ही गाड्या एकाच सकाळी बघ. एक आज दुपारी आणि दुसरी चार दिवसांनी बघितलीस, तर तुलना होत नाही, नुसता रंग लक्षात राहतो. गेल्यागेल्या बॉनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलीय. डिझेलचं खरं दुखणं गार इंजिनलाच कळतं. सुरू करताना सायलेन्सरकडे बघ. निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जात असेल. ऑइलचं झाकण काढून आतून बघ, साईसारखा फेस दिसला तर तिथूनच परत फीर.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस, पायाखाली बघ. चाळीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, हे जुळत नाही. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे असले तर का, ते विचार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडून आलीय.

मग दोन्ही गाड्या तुळजापूरच्या घाटात ने. तोच रस्ता, तेवढीच माणसं, तेच गठ्ठे, एसी चालू. चढावर क्लच घसरतो का, उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे मोकळ्या गाडीत कळत नाही.

कागदाचं मात्र मी पोळलोय म्हणून सांगतो. एकदा गाडी घेतली, पैसे मोजले आणि नंतर कळलं की आरसीवर कर्जाचा बोजा तसाच होता. तो उतरवायला पाच महिने हेलपाटे घातले आणि तोवर गाडी माझ्या नावावर झाली नाही. म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकन देऊ नकोस. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ, दंडाची चलनं बाकी आहेत का तेही बघ. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही तुझ्यासमोर झाली पाहिजे. सीएनजीचीच घ्यायची ठरली तर टाकीच्या तीन वर्षांच्या तपासणीचा दाखला माग.

माझं मन डिझेलकडे आहे. खासगी गाडी आहे, नोंदणी 2030पर्यंत चालेल आणि तुझे गठ्ठे बसतील. पण इंजिन ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. रविवारी सकाळी सहाला मी तयार राहतो. दोघाही मालकांना आजच सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका.