हरितद्रव्यास मुकलेली शैवले

साचलेल्या डबक्यातील हिरवट पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात युग्लीना नावाचा एकपेशीय जीव पुष्कळदा आढळतो. चाबकासारख्या एका बारीक धाग्याच्या साहाय्याने तो पोहतो, आणि पेशीतील हिरव्या कणांच्या योगाने सूर्यप्रकाशात आपले अन्न आपणच तयार करतो. या कणांस हरितकण म्हणतात.

युग्लीना अंधारात ठेवल्यास फिकट पडतो. परंतु पाण्यात सेंद्रिय अन्न मिळत असल्यास तो मरत नाही, आणि प्रकाशात आणल्यावर पुन्हा हिरवा होतो. १९४८ साली प्रोव्हासोली, हटनर व शाट्झ या संशोधकांनी त्याच्या संवर्धनात स्ट्रेप्टोमायसीन हे औषध घातले, तेव्हा मात्र निराळाच प्रकार घडला. पेशी जगल्या आणि त्यांचे विभाजनही होत राहिले. पण त्यांची संतती पांढरी निपजली, आणि औषध काढून घेतल्यावरही ती पिढ्यान्‌पिढ्या पांढरीच राहिली. सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत काही दिवस वाढविल्यानेही असेच घडते.

क्षयाच्या जंतूंवरील औषध हरितकणांस का बाधावे? याचे कारण हरितकणांच्या कुळात आहे. त्यांचे पूर्वज स्वतंत्रपणे राहणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू होते. अतिप्राचीन काळी एका मोठ्या पेशीने ते पोटात घेतले आणि ते तेथेच नांदू लागले. त्यामुळे हरितकणांत आजही स्वतःचा थोडासा डीएनए आणि प्रथिने तयार करण्याची जीवाणूंच्या धर्तीची यंत्रणा असते. औषधाचा घाव नेमका या यंत्रणेवर बसतो. पेशीची स्वतःची यंत्रणा वेगळ्या घडणीची असल्याने ती वाचते.

प्रयोगशाळेत जे काही दिवसांत घडते, ते निसर्गात निरनिराळ्या शैवलांच्या बाबतीत अनेकदा, स्वतंत्रपणे घडलेले आहे. पाण्यात कुजणाऱ्या द्रव्यांतून आयते अन्न मिळू लागले, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची जनुके बिघडली तरी जीवाचे काही अडत नाही. बिघाड साचत जातात, जनुके गळून पडतात, आणि मग परतीचा मार्ग उरत नाही. युग्लीनाच्या हरितकणांतील डीएनएची लांबी सुमारे १ लाख ४३ हजार अक्षरे भरते. त्याच्या युग्लीना लोंगा या रंगहीन भाऊबंदात ती सुमारे ७३ हजारच उरली आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हिरवा रंग गेला म्हणून तो कण गेला, असे सहसा होत नाही. प्रकाशसंश्लेषण हे हरितकणाचे सर्वांत प्रसिद्ध काम खरे. पण त्याच्याच आतल्या खोलीत स्निग्धाम्ले, काही रंजकद्रव्यांचे पूर्वघटक आणि पेशीला अत्यावश्यक असे इतर पदार्थही तयार होत असतात. गिरणीचे मुख्य यंत्र बंद पडले तरी मागील दालनांतील कामे चालू असावीत, तसा हा प्रकार होय. म्हणून कण रंगहीन होऊन उरतो.

त्याच्या डीएनएचे पुढे काय होते, याला मात्र एकच नियम नाही. क्लॅमिडोमोनस या हिरव्या शैवलाचे पॉलिटोमा व पॉलिटोमेला हे दोन रंगहीन आप्त पाहावेत. पॉलिटोमाच्या एका जातीत कणाचा डीएनए २ लाख ३० हजार अक्षरांइतका, म्हणजे क्लॅमिडोमोनसपेक्षाही लांब आहे. प्रकाशसंश्लेषणाची जनुके तेवढी त्यात नाहीत. उलट पॉलिटोमेलात कण आहे, त्यात पिष्टाचे दाणे साठतात, पण कणाचा स्वतःचा डीएनए मुळीच सापडत नाही. कणाला लागणारी प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांवरूनच तयार होऊन आत जातात.

प्रोटोथिका या शैवलाची कथा गोठ्यापर्यंत येऊन पोहोचते. क्रूगर यांनी १८९४ साली झाडांच्या पाझरणाऱ्या रसात ते शोधले, आणि हिरवेपणाचा मागमूस नसल्याने त्याची गणना कवकांत केली. वस्तुतः ते क्लोरेला या हिरव्या शैवलाचे जवळचे नातलग आहे. ओलसर, घाणेरड्या जागी ते वाढते आणि गाईंच्या सडांवाटे आत शिरून कासदाह उत्पन्न करते. जीवाणूंवरील नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत, म्हणून बाधित गाय बहुधा कळपातून काढून टाकावी लागते. माणसालाही त्याचा संसर्ग क्वचित होतो. अशा पहिल्या रुग्णाची नोंद १९६४ सालची आहे.

याहून मोठा धक्का हिवतापाच्या परजीवीने दिला. त्याच्या पेशीत सुमारे ३५ हजार अक्षरांचा डीएनए असलेला एक लहानसा कण आहे, आणि तो एका शैवलाच्या हरितकणाचाच अवशेष असल्याचे १९९६–९७ च्या सुमारास स्पष्ट झाले. ज्याचे पूर्वज उन्हात अन्न शिजवीत होते, तो जीव आज माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत दडून बसतो! डॉक्सिसायक्लीन हे औषध हिवतापावर गुणकारी ठरते ते या कणातील प्रथिननिर्मिती थांबवून. २०११ साली अमेरिकेत परजीवीचा हा कण नाहीसा करून, तो तयार करीत असलेला एकच पदार्थ बाहेरून पुरविण्यात आला. कणावाचूनही रक्तातील परजीवी वाढत राहिले. पुरवठा तोडताच ते मेले.