उपचार मध्येच सुटू देऊ नका

माझे यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बरीच नोकरी काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवर गेली. आमच्या सातारा जिल्ह्यात गोळी लागून आलेल्या जवानाला भेटायला अख्खं गाव लोटतं. पण रात्री पुन्हा पुन्हा उठून फाटकाची कडी तपासणाऱ्या, लग्नात भिंतीला पाठ लावूनच बसणाऱ्या, दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जाणाऱ्या माणसाला काय होतंय, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर या आजाराला पीटीएसडी म्हणतात.

यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं अवघड होतं, पण उपचार टिकवणं त्याहून अवघड निघालं. पहिल्या भेटी बऱ्या गेल्या. श्वासाचे व्यायाम झाले, झोपेची वेळ ठरली. मग समुपदेशक मॅडमनी त्या एका रात्रीबद्दल तपशिलात बोलायला सांगितलं, ज्या रात्री यांचा साथीदार गेला. त्या आठवड्यात स्वप्नं वाढली, जेवण तुटलं. असं होऊ शकतं, हे तिथं कुणी आधी सांगितलं नव्हतं. पुढच्या तारखेला हे म्हणाले, "आज उसाला पाणी द्यायचंय, लाइट दुपारपर्यंतच आहे." त्यानंतरच्या तारखेला भावकीतलं लग्न निघालं. मग केसपेपर कपाटात गेला तो गेलाच. सगळे म्हणाले, "उपचारानं उलट वाढलंच की!"

पुढे कॅन्टीनची रम रोजची झाली. एका रात्री मुलगा कामावरून उशिरा आला. अंधारात चाहूल लागताच यांनी काठी उगारली. "अण्णा, मी आहे!" असं तो ओरडला म्हणून थोडक्यात निभावलं. त्यानंतर उपचार पुन्हा सुरू झाले आणि या खेपेला टिकले. ते कशामुळे टिकले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: पद्धत कोणती, भेटी साधारण किती, आणि कोणत्या टप्प्यावर त्रास वाढू शकतो? आठवणींना टप्प्याटप्प्यानं सामोरं नेणारा उपचार साधारण ८ ते १५ भेटींचा असतो, तर मनात घट्ट बसलेले विचार तपासणारा साधारण १२ भेटींचा. शेवट कुठे आहे हे कळलं की फौजी माणूस तिथवर नेटानं चालतो. गळू फोडल्यावर आधी ठणका लागतो, तसा आठवणी उघडल्यावर काही जणांचा त्रास थोडे दिवस वाढतो. अशा वेळी भेट चुकवू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांना वेग कमी करता येतो. गोळ्या चालू असतील तर त्याही मनानं बंद करू नका.

भेटीहून आल्यावर "आज काय बोललात?" असं विचारू नका. जे सांगायचं ते ते आपणहून सांगतील. आपण फक्त पुढची तारीख सांभाळायची. त्या दिवशी पाण्याची पाळी मुलानं धरायची, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या रेफरलची मुदत आधीच बघून ठेवायची, गाडीत सोबत बसायचं. भेट चुकलीच तर वाद न घालता त्याच दिवशी फोन करून दुसरी तारीख घ्यायची. चुकलेल्या एका भेटीनं उपचार मोडत नाही, त्यानंतरच्या गप्प बसण्यानं मोडतो.

"मॅडम कधी बंकरमध्ये बसल्यात का?" हा यांचा प्रश्न होता. तो दाबू नका, मॅडमसमोरच विचारू द्या. आमच्याकडे त्या प्रश्नानंतरच मोकळेपणानं बोलणं सुरू झालं. तरीही सूर जुळला नाही तर समुपदेशक बदला, पण उपचार सोडू नका. आपल्याच पलटणीतला, उपचार घेऊन सावरलेला एखादा जोडीदार सोबत असला, तर घरच्यांच्या दहा विनवण्यांपेक्षा त्याचा एक शब्द जास्त चालतो. दारूचं प्रमाणही डॉक्टरांपासून लपवू नका. आणि उपचार घेतले की पेन्शन बंद होते, ही पारावरची अफवा आहे. तसं होत नाही.

मरणाची भाषा कानावर आली, तर मात्र तारखेची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका, हत्यार आणि औषधं हाताशी ठेवू नका, लगेच दवाखाना गाठा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे आणि चोवीस तास चालते. सैन्यदलासाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

यांना अजूनही फटाके सोसत नाहीत. पण आता रात्री झोप लागते, रम सुटली आहे आणि त्रास वाढतोय असं वाटलं की हे स्वतःच फोन करून तारीख घेतात. तुमच्या घरात कुणी फौजी उपचार घेत असेल, तर पुढची तारीख आजच सगळ्यांना दिसेल अशी कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवसाचं घरचं काम कोण करणार, तेही आजच ठरवा.